संत्र्याच्या गावात संत्र्याच्या चवीची गोळी

मानेवाडा रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात रविवारची सकाळ घालवून आलो. शेजारच्या वहिनींनी फार आग्रह केला होता. "भाऊजी, एकदा ऐकून तर घ्या. फुकट आहे, नाश्ता पण आहे." नाश्त्याला तर्री-पोहे होते आणि चांगले होते, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी रागाच्या भरात लिहिलं असं कुणी म्हणायला नको.

स्टेजवर काचेचा पेला होता. वक्त्याने त्यात पाणी ओतलं आणि जखमेवर लावतात त्या आयोडिनच्या औषधाचे दोन थेंब टाकले. पाणी तपकिरी झालं. "हे आपलं रक्त. रोजच्या खाण्यातलं विष यात साचलंय." मग त्याने सी जीवनसत्त्वाची एक गोळी टाकून ढवळलं. पाणी बघता बघता नितळ झालं आणि सभागृहात टाळ्या पडल्या. माझ्यापुढे बसलेल्या एका काकांनी तर मोबाइलवर चित्रणही केलं.

घरी येऊन मी तेच केलं, फक्त गोळीच्या जागी फोडणीच्या पोह्यांवर पिळून उरलेलं अर्धं लिंबू वापरलं. चमचाभर रस पडला आणि पाणी निवळलं. यात विष नाही, रक्त नाही आणि शुद्धीकरणही नाही. आयोडिनला रंग असतो, सी जीवनसत्त्व त्याचं रंगहीन आयोडाइड करतं, एवढंच. शाळेच्या प्रयोगशाळेत दहावीच्या मुलाला दाखवावा असा हा खेळ आहे. त्याच पेल्याच्या जोरावर त्या सकाळी महिन्याला चार हजार दोनशे रुपयांची 'फॅमिली किट' किती जणांनी लिहून दिली, ते मी मोजलं नाही. वहिनींनी दिली, एवढं माहीत आहे.

वक्त्याचं म्हणणं थोडक्यात तीन वाक्यांचं होतं आणि ती तीन वाक्यं आता नागपुरात फुटाळ्यापासून नंदनवनपर्यंत कुठेही ऐकू येतात. पहिलं, मातीत सत्त्व उरलं नाही म्हणून अन्नात उरलं नाही, तेव्हा वरून घ्यावंच लागतं. दुसरं, हा आरोग्याचा विमा आहे, काही झालेलं नसलं तरी घ्यायचा. तिसरं, हे औषध नाही, अन्न आहे, त्यामुळे 'साइड इफेक्ट झीरो'. तिन्ही वाक्यांत थोडं थोडं खरं आहे. नुसती थाप असती तर ती टिकलीही नसती, म्हणून जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं.

मातीपासून सुरुवात करू. मातीची चौकशी करायला नागपूरकराला लांब जावं लागत नाही. देशभरच्या जमिनींचं सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोचं मुख्यालय आपल्या अमरावती रोडवर आहे. जमिनीत जस्त कमी पडतंय, सेंद्रिय कर्ब घटलाय, हे कृषी शास्त्रज्ञ किती वर्षं सांगत आहेत आणि ते खरं आहे. पण स्टेजवरच्या माणसाने मातीचं नाव घेऊन विकली ती सी जीवनसत्त्वाची गोळी! सी जीवनसत्त्व मातीत नसतंच. ते झाड स्वतःच तयार करतं, साखरेपासून. खनिजं मातीतून येतात, जीवनसत्त्वं बहुतेक वनस्पतीच्याच कारखान्यात होतात, आणि बी-१२ तर झाडही करत नाही, फक्त जिवाणू करतात. म्हणजे 'माती मेली म्हणून सी घ्या' हे 'विहीर आटली म्हणून ऊन कमी पडतंय' असं म्हणण्यासारखं आहे.

आणि हे कुठे सांगायचं, तर नागपुरात! त्याच अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. आपल्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबिया बहार उतरला की कळमन्यात ढिगांनी संत्री पडतात, भाव पडला की काटोल-नरखेडचा शेतकरी डोक्याला हात लावतो, आणि त्याच आठवड्यात शहरातल्या औषधाच्या दुकानात संत्र्याच्या रंगाची, संत्र्याच्या चवीची, संत्र्याचं चित्र असलेली गोळी काउंटरवर मांडलेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरवलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम सी पुरतं, बाईला ६५. दोन-तीन संत्र्यांत ते भागतं, एका बऱ्यापैकी पेरूत त्याच्या दुप्पट मिळतं. गोळीत असतं ५०० मिलिग्रॅम. शरीर एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅमपर्यंतचं जवळजवळ सगळं शोषून घेतं, त्यापुढे शोषण घटत जातं आणि जास्तीचं लघवीवाटे निघून जातं. गोकुळपेठच्या बाजारात अर्धा किलो पेरू घेणारी बाई आपल्या शरीरावर काही अन्याय करत नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं, कारण तिला हल्ली तसं वाटायला लागलंय.

मातीचा मुद्दा जिथे खरोखर लागू पडतो ती गोष्ट मात्र वक्त्याने काढलीच नाही, आणि ती नागपूरशी बांधलेली आहे. ती म्हणजे आयोडिन. आयोडिन मातीतूनच यावं लागतं. हिमालयाच्या पायथ्याशी पुराने आणि पावसाने ते धुऊन गेलं, म्हणून तिथल्या कुठल्याही धान्यात, भाजीत ते येईना आणि गावंच्या गावं गलगंडाने भरली. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडिन देऊन पाहिलं आणि गलगंड ओसरला. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे २००६ साली देशभर साध्या मिठाच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली ती नागपूरची संस्था, डॉ. शांतिलाल कोठारी यांची अॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट. जुलै २०११ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्दबातल ठरवला. अन्नभेसळ रोखण्याच्या कायद्याचा आधार घेऊन लोकांना एखादी गोष्ट सक्तीने खायला लावता येत नाही, असं त्याचं सार होतं. तरीही सरकारला पर्याय काढायला सहा महिने दिले आणि तेवढ्या काळापुरता नियम चालू ठेवला. त्यानंतर नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत तीच बंदी आली.

मी आयोडिनच्या बाबतीत कोठारींच्या बाजूचा नाही. माझ्या घरात आयोडिनचंच मीठ आहे आणि राहील. पण त्या खटल्यात जो प्रश्न विचारला गेला तो मला अजूनही महत्त्वाचा वाटतो: कमी काय आहे, कुणाला आहे, आणि त्या एकासाठी सगळ्यांनी का घ्यायचं? मिठाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर होतं. कुठल्या मातीत कमी, किती लोकांना गलगंड, किती मात्रा लागते, किती पैशात भागतं, सगळं मोजलेलं होतं. मानेवाड्याच्या सभागृहात दोनशे माणसं होती आणि त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुझा रक्ताचा रिपोर्ट काय म्हणतो.

आता विमा. हा शब्द फार हुशारीने निवडलेला आहे, कारण विम्यात पैसे परत मिळाले नाहीत तरी माणूस तक्रार करत नाही. पण विमा विकणाऱ्याला निदान दाव्यांचा हिशेब ठेवावा लागतो. तो हिशेब मोठमोठ्या चाचण्यांनी मांडून ठेवलाय. अमेरिकेत २५,८७१ माणसांना काही वर्षं डी जीवनसत्त्वाची रोजची गोळी किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी देऊन पाहिली. २०१८ साली निकाल आला तेव्हा कर्करोगात आणि हृदयविकारात फरक नव्हता. २०२२ साली हाडं मोडण्याचा हिशेब आला, त्यातही नव्हता. ही धडधाकट माणसं होती, डीची कमतरता आहे म्हणून निवडलेली नव्हती, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, त्यांतल्या काहींना बीटा-कॅरोटिन दिलं. गाजरात असतं ते, अगदी निरुपद्रवी वाटणारं. १९९४ साली कळलं की ज्यांना दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही, उलट १८ टक्के जास्त निघाला. ई जीवनसत्त्वाच्या एका मोठ्या चाचणीत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के वाढलेला दिसला. गाजर खाणाऱ्यांना काही झालं नव्हतं, बरं का.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही पेल्यातला खेळ केल्यासारखं होईल. अमेरिकेतल्याच १४,६४१ डॉक्टरांना अकरा वर्षं साधी मल्टिव्हिटॅमिन किंवा रिकामी गोळी दिली, त्यात मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्यांत कर्करोग ८ टक्के कमी दिसला. हृदयविकारात फरक नाही, आयुष्य लांबल्याचंही दिसलं नाही. कुणाला या ८ टक्क्यांसाठी रोज एक साधी गोळी घ्यायची असेल तर माझी हरकत नाही. चांगली मल्टिव्हिटॅमिन दिवसाला काही रुपयांत मिळते. महिन्याला चार हजार दोनशे रुपये लागतात ते गोळीचे नव्हेत. ते स्टेजचे, पेल्याचे, नाश्त्याचे आणि वहिनींनी आणखी तिघींना आणलं तर त्यांना मिळणाऱ्या कमिशनचे आहेत.

किटमध्ये प्रोटीनचा डबाही होता. तो मी हातात घेऊन मागची बाजू वाचली. घटकांत पहिलंच नाव होतं सोया प्रोटीन आयसोलेट. म्हणजे सोयाबीन. आता विदर्भाच्या माणसाला सोयाबीनबद्दल काय सांगायचं! काळ्या मातीतलं सोयाबीन बाजार समितीत जातं, तिथून तेलगिरणीत. तेल काढून उरलेली ढेप कोंबड्यांना जाते, परदेशात जाते. २०२४-२५ साठी सरकारने सोयाबीनला जाहीर केलेला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि तेवढाही न मिळाल्याची ओरड आपण सगळ्यांनी ऐकली. किलोला एकोणपन्नास रुपयेसुद्धा नाहीत, आणि त्या किलोत साधारण चाळीस टक्के प्रथिनं. तेच प्रथिन चॉकलेटची चव लावून, डब्यात भरून, धावणाऱ्या मुलाचं चित्र चिकटवून हजारोंच्या भावात परत त्याच शेतकऱ्याच्या शहरातल्या मुलाला विकलं जातं. कच्चं सोयाबीन तसंच खाता येत नाही, ते नीट शिजवावं, भाजावं लागतं, प्रक्रियेला पैसा लागतो, हे मान्य. पण सोया वडी कुठल्याही किराणा दुकानात आहे, शंभर ग्रॅममध्ये पन्नासेक ग्रॅम प्रथिनं आहेत, आणि सावजी रश्श्यात टाकली तर कुणी नावं ठेवणार नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं पुरतात. वाटीभर घट्ट वरण, मूठभर फुटाणे, दही, एखादं अंडं, भाकरी यांत ती जमतात. जमत नसतील तर ताटात वरण पातळ आहे, त्याचा इलाज पळीत आहे.

डब्यात जे लिहिलंय तेच असतं का, हा वेगळाच विषय. कोचीच्या राजगिरी रुग्णालयातले डॉ. सिरिअक अॅबी फिलिप्स यांनी सहकाऱ्यांसह भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या आणि २०२४ साली निष्कर्ष छापले. जवळजवळ ७० टक्के डब्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती, काहींत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही सापडलं. विषाची भीती दाखवून विकला जाणारा माल हा.

तिसरं वाक्य, 'औषध नाही, अन्न आहे.' हे कायद्याने अगदी बरोबर आहे, आणि विक्रेत्याच्या फार सोयीचं आहे. औषधाला १९४० चा औषध कायदा लागतो, आणि नवं औषध असेल तर ते गुणकारी आहे हे आधी दाखवावं लागतं. पूरक आहाराला २००६ चा अन्नसुरक्षा कायदा लागतो, त्यात आजार बरा करतो असा दावाच करायचा नसतो, त्यामुळे तो सिद्धही करावा लागत नाही. म्हणून स्टेजवर गुडघेदुखी, साखर, थायरॉइड यांच्या गोष्टी 'अनुभव' म्हणून सांगितल्या जातात. एक ताई उठून रडत रडत सांगतात, टाळ्या पडतात, आणि पत्रकावर मात्र एक शब्दही लिहिलेला नसतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. हे वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही, हेही छापावं लागतं. किटमधल्या प्रत्येक डब्यावर ते छापलेलं होतं, मोहरीएवढ्या अक्षरात. त्या रविवारी सभागृहात खरं बोलणारं तेवढंच एक होतं.

आणि 'साइड इफेक्ट झीरो' कसं असेल? ज्याचा काही परिणाम होतो त्याचा जास्तीचाही परिणाम होतो. साठ हजार युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक घ्यायची असते. ती चुकून किंवा हौसेने रोज घेतली, महिनोन्‌महिने घेतली, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, किडनीवर येतं. केसांसाठी बायोटिनच्या रंगीत गोळ्या चघळायची सध्या फॅशन आहे. जास्त बायोटिन पोटात असेल तर थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या काही रक्तचाचण्या खोटे आकडे दाखवू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच याचा इशारा दिला होता. धंतोली-रामदासपेठेत तपासणीला जाताना आपण मधुमेहाच्या गोळ्या सांगतो, रक्तदाबाच्या सांगतो, केसांच्या 'चॉकलेट'बद्दल सांगत नाही. का सांगू, ते तर अन्न आहे!

इथपर्यंत वाचून काही मंडळी खूश झाली असतील. 'बघा, आम्ही म्हणतच होतो. आजीचा स्वयंपाक खा, कशाला गोळ्या?' त्यांच्याशीही माझं भांडण आहे, जरा लहान. आजीचा स्वयंपाक रुचकर होता, पण आजी पांढरीफटक होती, हे आपण विसरतो. शेवटी जेवायची, उरलं ते खायची, आणि जेवणावर लगेच कपभर चहा प्यायची, जो भाकरीतलं लोह अडवतो. जवसाची चटणी आपल्या विदर्भाची खासियत, त्यात ओमेगा-३ भरपूर आहे, पण ते ज्या रूपात आहे त्याचं माशातल्या रूपात रूपांतर शरीर फार थोडं करतं, तेव्हा 'फिश ऑइलला आमची चटणी भारी' हेही अर्धवटच. चटणी खावी ती चवीसाठी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तर ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं. शुद्ध शाकाहारी माणसाने कितीही सात्त्विक जेवण केलं तरी बी-१२ दूध-दह्यातून येईल तेवढंच, आणि ते बऱ्याच वेळा पुरत नाही. त्याला गोळी लागते. लाखोळीची डाळ भंडारा-गडचिरोलीच्या गरिबाची परंपरागत डाळ, धान निघाल्यावर त्याच ओलीवर येणारी, खर्च नाही, पाणी नाही. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच खाल्ली की पाय लुळे पडायचे, म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. त्या बंदीविरुद्धही कोठारींनी नागपुरात वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. विष कमी असलेले नवे वाण पुढे निघाले. परंपरेच्या ताटातही मोजमाप लागतं, एवढंच मला म्हणायचंय.

ज्यांना गोळी लागते त्यांची यादी मोठी नाही, पण ती पक्की आहे. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या बाईला फोलिक अॅसिड, गर्भ राहण्याच्या आधीपासून. १९९१ साली ब्रिटनच्या एका चाचणीत, आधीचं मूल मज्जारज्जूच्या व्यंगाचं झालेल्या बायकांना ते दिलं तर तेच व्यंग पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. असा निकाल कुठल्याही फॅमिली किटला आयुष्यात मिळणार नाही, आणि ती गोळी रुपया-दोन रुपयांची आहे. शाकाहाऱ्याला बी-१२. तपासणीत डी खरंच कमी निघालं तर डी, ठरावीक आठवड्यांपुरतं. आपल्या सत्तेचाळीस अंशांच्या गावातसुद्धा ते कमी निघतं, कारण आपण त्या उन्हात असतोच कुठे? सिकलसेलच्या रुग्णाला रोज फोलिक अॅसिड, कारण त्याच्या तांबड्या पेशी लवकर मोडतात आणि नव्या करायला ते लागतं.

सिकलसेलवर विदर्भात थांबावंच लागतं. नागपूरच्या डॉक्टर शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, म्हणजे आपल्याला हे माहीत होऊन पासष्ट वर्षांहून जास्त झाली. इथे फिकट दिसणारी प्रत्येक व्यक्ती लोहाच्या कमतरतेचीच असते असं नाही. रेशनच्या पोषणयुक्त तांदळाचा प्रयोग महाराष्ट्रात गडचिरोलीत झाला. किलोभर तांदळात दहा ग्रॅम बनवलेले दाणे, त्यांत लोह, फोलिक अॅसिड, बी-१२. लोकांनी 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून ते दाणे वेचून टाकले, तो भाग निराळा. पण २०१८ च्या नियमांत अशा लोहयुक्त अन्नावर सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापणं बंधनकारक होतं. पुढे तज्ज्ञांनी एवढ्याशा लोहाने धोका दिसत नाही असं म्हटलं. वाद झाला, कागद हलले, समिती बसली. सरकारलासुद्धा 'खाणारा कोण?' हे विचारावं लागलं. आमच्या मंगल कार्यालयात तो प्रश्न नाश्त्यापुरता होता: "भाऊ, तर्री कमी की जास्त?"

आणि हे सगळं मी ज्यांच्यामुळे लिहितोय त्या वहिनी. परवा त्यांच्याकडे चहाला गेलो. किट डायनिंग टेबलवर मांडलेली होती, पाच डबे, नवरात्रातल्या घटासारखी. मी म्हटलं, "वहिनी, रक्त कधी तपासलं होतं?" त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात. आठ पॉइंट नऊ होतं. म्हणून तर हे घेऊन राहिली ना मी. शक्तीसाठी." बाईचं हिमोग्लोबिन बारा हवं. 'राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५' प्रमाणे महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या सर्वेक्षणात ४८ टक्के होता, म्हणजे डबे वाढले आणि रक्तक्षयही वाढला. मी डबा उलटा करून वाचला. दिवसाच्या गोळीत लोह दहा मिलिग्रॅम. आणि त्याच गोळीसोबत घ्यायची म्हणून दिलेली कॅल्शियमची गोळी, जी पोटात लोहाची वाट अडवते.

"डॉक्टरांनी काही दिलं नव्हतं?" वहिनी उठल्या. स्वयंपाकघरात फळीवर मसाल्याच्या डब्यामागे लाल गोळ्यांच्या तीन पट्ट्या होत्या, रबर लावलेल्या. सरकारी दवाखान्यातून फुकट मिळालेल्या. एका गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फोलिक अॅसिड. पहिल्या पट्टीतल्या दोनच घेतलेल्या. "मळमळते हो. अन् बाहेरची काळी होते. फुकटचं आहे, कसलं असेल बाप्पा."

फुकटचं आहे म्हणून संशय आणि चार हजारांचं आहे म्हणून विश्वास, यावरच तर ते मंगल कार्यालय भरतं. शौचाचा रंग काळा होणं हे गोळी पोटात असल्याचं लक्षण आहे, घाबरण्याचं नाही. गोळी जेवणानंतर घेतली, रात्री घेतली तर मळमळ पुष्कळ कमी होते. त्याआधी सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी, ती सरकारी रुग्णालयात होते. हे पाच मिनिटांचं बोलणं पट्टी देताना कुणीतरी वहिनींशी करायला हवं होतं. ते झालं नाही, आणि ज्याने त्यांच्याशी दोन तास गोड बोलून घेतलं तो जिंकला. या लेखातला दोष मी फक्त विक्रेत्याला देत नाही, तो यासाठी.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा आहे म्हणे, यावेळी त्रिमूर्तीनगरला. कुणाला जायचं असेल त्यांनी खुशाल जावं, पोहे चांगले असतात, लिंबू मागून घ्यावं. लिहून काही देऊ नये. आणि तुमच्या घरात फळीवर, फ्रिजवर, देवघराच्या खणात कुणाच्या नावाची लाल गोळ्यांची पट्टी पडून असेल आणि सिकलसेलची तपासणी झालेली असेल, तर आज रात्री जेवण झाल्यावर ती त्या बाईच्या हातात द्या, पाण्याबरोबर. चहा तासाभराने.